दादरचा पाव्हणा

९ डिसेंबर १९७७, शुक्रवार

माय आज सकाळच्या गाडीनं दादरहून आली. सहा डिसेंबरसाठी जऊळक्यातून पंधरा-वीस जण गेले होते. बा दरवर्षी जातो, समुद्रात गुडघाभर उभा राहून येतो आणि मग आठ दिवस तेच सांगत बसतो. यंदा ऐन वेळी "तुमी जा" म्हणाला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला. गेल्या उन्हाळ्यात रूळ उतरवताना साखळी सुटली आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. बावीस वर्षं गँगमन म्हणून लाइनीवर उभा राहिलेला हा माणूस तेव्हापासून क्वार्टरच्या बाहेर पडत नाही. हात सदा उपरण्याखाली.

म्हणून मायनं त्याच्यासाठी समुद्रच आणला. कडीच्या डब्यात भरून, वर फडकं बांधून, सगळा रस्ता मांडीवर धरून. अर्धं पाणी लुगड्यावरच सांडलं. डब्यात पाणी, मूठभर वाळू, जरासं शेवाळ आणि बोराएवढा एक शंख. झाकणाला तीन भोकं आहेत. जुनाच डबा असेल. अकोल्याला गाडी बदलताना कुणाची तरी ट्रंक त्यावर पडली, डबा चेपला आणि शंखाला चीर गेली.

बानं डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. "खारं हाये," म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

माय उठली. चुलीपुढे जाऊन बसली.

१० डिसेंबर, शनिवार

शंखाला पाय आहेत!

सकाळी मी डब्यात डोकावले तर तो वाळूवरून चालत होता. मी अशी ओरडले की शेजारची दुर्गाबाई पिठाच्या हातानं धावत आली. आत एक खेकडा आहे, उडदाच्या दाण्यासारखा काळपट, दोन डोळे देठांवर. ट्रंकेनं त्याला चांगलंच दुखवलं आहे. डावी नांगी शाबूत, उजवी मुळापासून गायब. शंखाच्या तोंडाशी टवका उडालेला, त्यातून त्याचं मऊ अंग दिसतं.

"माय, हे जिवंत आहे, तुला ठाऊक होतं?"

"मले काय ठाऊक बाई? मी शंख मनून उचलला," माय म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलथू लागली.

बा खाटेवरून उठला. मला वाटलं पाणी प्यायला. तो डब्यापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"उजवाच गेला का याचा बी," एवढंच म्हणाला.

 मी शाळेचं निमित्त करून बाहेर पडले. शनिवारची सकाळची शाळा तशीही होतीच.

१२ डिसेंबर, सोमवार

शाळेत विज्ञानाच्या राठोड सरांना सांगितलं. गोपीचंद राठोड त्यांच्या तांड्यातले पहिले पदवीधर. कोणतीही गोष्ट हातात आली की आधी वास घेतात, मग विचार करतात. संध्याकाळी सायकलवर घरी आले, डब्याचा वास घेतला आणि जाडजूड पुस्तक उघडलं.

"खंडारेबाई, याला संन्यासी खेकडा म्हणतात. याच्या पाठीमागचं अंग मऊ असतं, म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो. मोठा झाला की मोठा शंख शोधतो."

"घर बदलून राह्यते आन् संन्यासी कायचा?" माय म्हणाली. "हा तं आपल्या रेल्वेवाल्यावानी झाला. बदली झाली का क्वार्टर सोडा."

सर म्हणाले, उजवी नांगी पुन्हा येऊ शकते. कात टाकली की येते. पण तोवर जगला पाहिजे, आणि एवढ्याशा पाण्यात तो चार दिवसही काढणार नाही.

"पुना येते मनता?" बानं खाटेवरून विचारलं. तो ऐकतोय हे मला ठाऊकच नव्हतं.

"हो ना. खेकड्याची येते."

बानं उपरण्यातून हात बाहेर काढला, समोर धरून पाहिला आणि म्हणाला, "मी बी कात टाकून पाहू का मंग?"

राठोड सरांचा चेहरा पडला. पण बा हसत होता. फार नाही, एका बाजूनं. माय पदर तोंडाला लावून घरात गेली. हसत होती की काय, कळलं नाही.

मी मराठीची शिक्षिका. मला गाईचं दूधही धड काढता येत नाही. उद्यापासून मी खेकडा सांभाळणार.

१६ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस लिहायला फुरसत नव्हती. आता पाव्हण्याला (हे बानंच ठेवलेलं नाव) मोठं घर झालं. सरांनी प्रयोगशाळेतलं काचेचं पसरट घमेलं दिलं होतं, ते पहिल्याच दिवशी मी नळाखाली फोडलं. हेडमास्तरांना अजून सांगितलेलं नाही.

मग बा म्हणाला, "आण काचा." सरांनी शाळेतल्या मोडक्या खिडकीच्या काचा आणल्या, गँगच्या खोलीमागं पडलेल्या लोखंडी पट्ट्या मायनं शोधल्या. बानं डाव्या हातानं चौकट ठोकली. खिळे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबून धरायचे आणि डाव्या हातानं हातोडी. पहिला अर्धा दिवस नुसत्या शिव्या. दुसरा अर्धा दिवस फक्त ठोकण्याचा आवाज. सांध्यांत डांबर भरलं. पाणी ओतलं तर तीन ठिकाणी गळलं. पुन्हा डांबर. आज सकाळपासून थेंब नाही.

हवेसाठी सरांची युक्ती: सायकलची ट्यूब पंपानं फुगवायची, तिच्या तोंडाला दवाखान्यातली वापरलेली सलाइनची नळी जोडायची, चिमट्यानं नळी आवळायची आणि टोक पाण्यात सोडायचं. तासन्‌तास बुडबुडे येतात. सकाळ-संध्याकाळ पंप मारायचा. ते काम बानं घेतलं. पंपाची मूठ त्याला उजव्या हातात नीट धरता येत नाही, म्हणून छातीनं दाबतो. मी म्हटलं, मी मारते. तर म्हणाला, "तू पोट्ट्यायले शिकव."

खाणं सोपं निघालं. बाजारात सुकट मिळते. ती भिजवून, खारटपणा काढून, एक-एक कण द्यायचा. पाव्हणा डाव्या नांगीनं उचलतो आणि असा घाईघाईनं तोंडात कोंबतो की बघत राहावं.

"त्याच्याच गावच्यायले खाऊ घालून राह्यली तू त्याले," माय म्हणते.

१९ डिसेंबर, सोमवार

टाकी मोठी आणि पाणी मूठभर. मायचं दादरचं पाणी टाकीच्या तळाला दोन बोटं भरतं. पाव्हण्याची पाठ कशीबशी बुडते. पाणी ढगाळलं आहे, वास येतो. सर म्हणाले, निदान दोन कॅन खरं समुद्राचं पाणी हवं, लवकर.

वडाळ्याला भिवाजी मामा आहे. तो पाणी भरून देईल. पण ते इथवर आणणार कोण? रस्ता एकच: मामानं दादरला गाडीच्या गार्डाकडे द्यायचं, अकोल्यात आपल्या लाइनीच्या गार्डानं उतरवून घ्यायचं. आपल्या लाइनीचा गार्ड म्हणजे बाबूसिंग. बाचा जुना दोस्त. अपघातानंतर तीनदा भेटायला आला होता आणि तिन्ही वेळा बा झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

मी म्हटलं, "बा, मी जाऊन सांगते बाबूसिंगकाकांना."

बा पंप मारत राहिला. मायनं त्याचा धुतलेला सदरा खुंटीवर अडकवला. तो कशाला आजच धुतला, कोण जाणे.

२० डिसेंबर, मंगळवार

बा स्टेशनावर गेला!

मी शाळेत होते, मायनं सांगितलं ते लिहिते. गाडीच्या वेळेला उठला, सदरा घातला, उपरणं घेतलं आणि चालू पडला. क्वार्टर ते स्टेशन म्हणजे हाकेचं अंतर, पण आठ महिन्यांनंतर. दुर्गाबाईच्या म्हणण्याप्रमाणे बाबूसिंगकाकांनी गार्डाच्या ब्रेकच्या डब्यातून बाला पाहिलं आणि गाडी थांबायच्या आधीच उडी मारली.

"ग्यानबा! अरे, मेला का जिवंत, काही पत्ताच नाही!"

"समुद्राचं पानी पाह्यजे," बा म्हणाला.

"कायले? आंघोळीले?"

"पाव्हणा आलाय घरी. खेकडा."

दुर्गाबाई सांगते, बाबूसिंगकाका इतके हसले की इंजिनाच्या शिट्टीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. स्टेशनमास्तर ओरडले तेव्हा कुठं झेंडी दाखवली. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली. म्हणजे एका खेकड्यानं रेल्वे अडवली, असं मी वर्गात सांगितलं. मुलींना खरं वाटलं नाही.

२४ डिसेंबर, शनिवार

पाणी आलं! दोन कॅन. एकीवर मामानं खडूनं लिहिलं होतं: 'पिऊ नये'. बानं स्वतः ओतलं. पाव्हणा आधी शंखात शिरून बसला, मग हळूच बाहेर आला आणि सगळ्या टाकीला एक फेरी मारली.

३ जानेवारी १९७८, मंगळवार

रेल्वेचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. बाला लाइनीचं जड काम जमणार नाही, तरी हलकं काम देता येईल: गावाबाहेरच्या फाटकावर फाटकवाला. त्यासाठी फेब्रुवारी संपायच्या आत अकोल्याला रेल्वेच्या डॉक्टरसमोर हजर राहायचं, एका हातानं फाटकाचं चाक फिरवता येतं, झेंडी धरता येते, रजिस्टरात नोंद करता येते हे दाखवायचं. नाहीतर नाव कमी होईल आणि क्वार्टर सोडावं लागेल.

बानं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि टाकीखालच्या फळीवर ठेवून दिलं. "पाव्हण्याले हवा देली का?" एवढंच विचारलं.

मला राग आला. हा माणूस सगळं एका खेकड्यावर सोडून बसला आहे. क्वार्टर गेलं तर कुठं जायचं? शिरपूरला काकाच्या घरी तीन खोल्यांत अकरा माणसं आहेत. मी मायला म्हटलं, तू तरी बोल. माय म्हणाली, "त्याच्यामांगं लागू नोको." तिलाही काही वाटत नाही असं दिसतं.

८ जानेवारी, रविवार

हे लिहायची लाज वाटते, पण इथं नाही तर कुठं लिहू.

सरांनी पाण्याचा खारटपणा मोजायला इंजेक्शनची छोटी बाटली दिली होती. तळाशी थोडी वाळू, वरून बूच, काचेवर एक रेघ. खऱ्या समुद्राच्या पाण्यात ती त्या रेघेपर्यंत बुडते. मी रोज पाहायची. चार दिवसांपासून ती वर वर तरंगायला लागली, रेघ पाण्याच्या पार वर आली. मला वाटलं, खारटपणा कमी पडला. पाणीही आटलं होतं. म्हणून मी काल मूठभर खडे मीठ टाकलं. आज सकाळी बाटली आणखी वर. मी आणखी एक मूठ टाकली.

दुपारी पाव्हणा शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. नांगीला स्पर्श केला तरी हलेना.

मायनं बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. "माय वं! लोनच्याचं खारं करून राह्यली काय? दादरचं पानी असं नव्हतं. ह्याच्यात कोनं मीठ टाकलं?"

मी सांगितलं. मायनं कपाळावर हात मारला. "पानी उडून जाते, मीठ कुठी उडते? भाजी आटली का मीठ वाढते, कमी होते का? एवढं शिकून!"

बा मला रागावला नाही. तेच जास्त लागलं. तो विहिरीवर गेला आणि डाव्या हातानं घडा भरून आणला. एकदम ओतू नये असं त्याचं म्हणणं, माणसाला उन्हातून आल्यावर गार पाणी देत नाहीत तसं. वाटीनं खारं पाणी काढायचं, वाटीनं गोडं घालायचं, मध्ये मायनं चाखायचं. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं होतं. माय चाखून चाखून बेजार झाली. शेवटी म्हणाली, "हां. आता दादर."

९ जानेवारी, सोमवार

पाव्हण्यानं सुकट खाल्ली!

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "चूक माझी. बाटली वर आली म्हणजे मीठ वाढलं, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही." मग वास घेऊन, मायकडे बघून म्हणाले, "पण केशरबाईंच्या जिभेपुढं माझी बाटली काय करणार?" आजपासून मायनं चाखायचं, बाटलीनं फक्त तरंगायचं.

१८ जानेवारी, बुधवार

पाव्हण्याचा शंख आणखी चिरला. आता त्याला नवं घर हवं. बा नाल्यावर जाऊन मेलेल्या गोगलगायींचे शंख घेऊन आला. लहान-मोठे सात. मायनं ते उकळले, बानं वाळूत रांगेनं मांडले.

पाव्हणा रोज येऊन हिंडतो, एकेका शंखाच्या तोंडात नांगी घालून बघतो आणि परत जातो. आपल्याकडे मुलगी बघायला येणारे असेच करतात.

बा अलीकडे दुपारभर घरी नसतो. शंख शोधायला जातो म्हणतो, पण आणत तर काही नाही. पायावर गिट्टीची पांढरी धूळ असते. नाल्यावर गिट्टी कुठली आली?

घरात वस्तूही हरवू लागल्या आहेत. माझं जुनं हिरवं झंपर आणि मायचा लाल फडका, दोन्ही दोरीवरून गेले. दुर्गाबाईच्या बकरीवर माझा संशय आहे. मायला म्हटलं तर म्हणाली, "हो, बकरीच असन."

१९ जानेवारी, गुरुवार

आज सकाळी, आम्ही तिघंही टाकीभोवती असताना, त्यानं केलं. चौथ्या नंबरचा शंख. आधी नांगीनं आत चाचपलं, शंख उलटवला, पुन्हा चाचपलं. मग इकडंतिकडं पाहिलं (खरंच पाहिलं) आणि झटकन जुन्यातून निघून नव्यात शेपटाकडून शिरला. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. क्षणभर त्याचं गुलाबी, वाकडं, उघडं अंग दिसलं. मायनं तोंड फिरवलं, जणू कुणी आंघोळ करताना दिसलं.

मग नवं घर पाठीवर घेऊन तो ऐटीत चालला. शंख थोडा मोठाच आहे, एका बाजूला कलतो.

"वाढीच्या मापाचं घेतलं," माय म्हणाली. "शाहाना हाये."

२९ जानेवारी, रविवार

वर्गातली एक पाटी मी घरी विसरले होते. आज बघते तर तिच्यावर वाकडंतिकडं 'ग्या ग्या ग्या' लिहिलेलं, खाली गाड्यांचे नंबर आणि वेळा. शेजारची पोट्टी येऊन खेळत असतील. खडूही संपवले.

बानं जेवताना विचारलं, "डाव्या हातानं सही केली तं कायद्यात चालते का?"

मी म्हटलं, चालत असेल. का?

"असंच."

पत्र अजून फळीवरच पडलं आहे. महिना राहिला.

५ फेब्रुवारी, रविवार

पाव्हणा गेला.

तीन दिवस खात नव्हता. कोपऱ्यात शंख वाळूत रुतवून बसला होता. सकाळी पाहिलं तर शंखाबाहेर, वाळूवर, पाय पसरून पडलेला. मी हाक मारली तशी माय आली, तिनं पाहिलं आणि तिथंच खाली बसली. जिवाला चटका लागला. मायच्या मांडीवरून आला, दोन महिने इतकी माणसं त्याच्यासाठी हलली आणि शेवटी असं. माझंच मीठ त्याच्या अंगात भिनलं असेल.

मी म्हटलं, लिंबाखाली पुरू. बा पंप मारत होता, तो थांबला. आला, हात पाण्यात घालून पाव्हण्याला तळहातावर घेतलं. त्याचा चेहरा मला पाहवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"अंजू."

मी वळले नाही.

"अंजू, ह्याले वजनच नाई वं."

मी म्हटलं, मेलेल्याला काय वजन असणार.

"मेलेल्याले लय वजन असते. मी उचललेत. हे पाह्य ना, ह्याच्या आरपार दिसते." त्यानं ते उजेडाकडे धरलं. डोळे, पाय, मिशा, सगळं जागच्या जागी, आणि आत काही नाही. कागदाचा खेकडा. पाठीवर उघडलेली चीर.

"ह्यानं कपडे काढले," बा म्हणाला.

तो टाकीवर इतका वाकला की नाक पाण्याला लागलं. शंख वाळूत पडलेला.  किती वेळ गेला माहीत नाही, बुडबुड्यांचा आवाज तेवढा. आणि शंखाच्या तोंडातून आधी एक डोळा आला, मग दुसरा, मग डावी नांगी, ओली, फिकट. आणि तिच्या शेजारी, जिथं काहीच नव्हतं तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढी एक पांढरी नांगी.

बा हसला. एका बाजूनं नाही, पूर्ण. खाट हलेल असा. दुर्गाबाई धावत आली, काय झालं काय झालं, तर त्याला सांगताच येईना. तो डोळे पुसायचा, नांगीकडे बोट दाखवायचा, आणि पुन्हा हसायचा. बोट दाखवायला त्यानं उजवा हात वापरला, आणि उपरणं केव्हाच खाली पडलं होतं.

६ फेब्रुवारी, सोमवार

राठोड सर कात न्यायला आले. वास घेतला. ती कापसात ठेवून शाळेच्या कपाटात मांडणार आहेत. ते बाला म्हणाले, "ग्यानबादादा, माझ्यासारखा बी.एस्सी. झालेला माणूस हे पुस्तकातच बघतो."

बा म्हणाला, "मंग येत जा ना, चाहा घ्याले."

घमेल्याचं हेडमास्तरांना आज सांगून टाकलं. ते म्हणाले, कोणतं घमेलं? त्यांना आठवतही नव्हतं. दोन महिने मी उगाच लपत फिरले.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

बा अकोल्याला गेला. डॉक्टरकडे.

काल संध्याकाळी भाकर खाता खाता म्हणाला, "उद्याच्या गाडीनं जाऊन येतो."  काही तयारी नाही, सराव नाही, पत्राची आठवण नाही, आणि असं एकाएकी! मी म्हटलं, निदान दोन-चार दिवस डाव्या हातानं लिहायचा सराव कर, मी शिकवते. तो "हो हो, आल्यावर शिकव" म्हणाला. मायनं तर शिदोरीचं पीठ आधीच मळून ठेवलेलं होतं. या घरात मला कुणी काही विचारतच नाही.

दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. एका मुलीच्या निबंधाला वीसपैकी बावीस गुण दिले.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

पास झाला.

बाबूसिंगकाका गाडी थांबताच ब्रेकमधून ओरडले, सगळ्या फलाटाला ऐकू गेलं. डॉक्टरनं चाक फिरवायला लावलं, झेंड्या धरायला लावल्या, रजिस्टर पुढं केलं. बानं सगळं असं झटझट केलं की डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून करताय? मी बाला विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"सांगितलं, घरी एक मास्तर हाये."

माझ्याबद्दल बोलला असेल. पण मी तर त्याला काहीच शिकवलं नाही. मन मोठं आहे त्याचं.

माय टाकीपाशी बसली होती. पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि "बराबर हाये" म्हणाली. मग उगाच पुन्हा एकदा बुडवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही तिनं पुसलं नाही.

१३ मार्च, सोमवार

ऊन वाढलं. टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळतो, दिवसातून तीनदा भिजवतो. पाव्हण्याची नवी नांगी आता मुगाएवढी झाली, तिचा रंगही गडद होत चालला. अजून तिनं खात नाही, पण सुकट धरायला टेकू देतो. मामानं आणखी एक कॅन पाठवली, यावेळी खडूनं लिहिलं होतं: 'पाव्हण्याला सप्रेम'.

आजची गोष्ट वेगळीच. वाटाण्याच्या शेंगा घेण्यासाठी सकाळी मळ्यात गेले होते, तिकडून शाळेत यायचं तर गावाबाहेरचं फाटक ओलांडावं लागतं. बा तिथं रुजू होऊन आठ दिवस झाले, पण मी त्याला कामावर पाहिलं नव्हतं. पोचले तर फाटक बंद. एक बैलगाडी, दोन सायकली, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या चार बाया, आणि शाळेची पहिली घंटा इथवर ऐकू आलेली.

बा चाकापाशी उभा. निळा सदरा, डोक्यावर टोपी, उपरणं नाही.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बा, मी खालून निघून जाऊ का? घंटा झाली."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, मांगं सरा. गाडी येऊन राह्यली."

"बा, मला उशीर होईल. हेडमास्तर—"

"मांगं सरा मनलं ना. सगळ्यायलेच सांगून राह्यलो. तुमी काय येगळ्या हा?"

मोळीवाल्या बाया फिदीफिदी हसल्या. एकीनं मला ओळखलं, "अवं ग्यानबा, पोरगी हाये तुयी!"

"फाटकावर पोरगी नसते," बा म्हणाला. "फाटकावर पब्लिक असते."

मी बैलगाडीमागं जाऊन उभी राहिले. कान तापले होते. गाडी आली, धडधडत गेली, ब्रेकमधून बाबूसिंगकाकांनी हात हलवला. बानं हलवला नाही. शेवटचा डबा वळणावर दिसेनासा होईपर्यंत ताठ उभा राहिला. मग डाव्या हातानं चाक धरलं, उजवा अंगठा आऱ्यात अडकवला आणि फिरवलं. दांडी उचलली गेली.

मी जाताना तो हळूच म्हणाला, "लय उशीर झाला का? हेडमास्तरले सांगजो, फाटक बंद होतं."

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. हेडमास्तर मस्टर घेऊन दारातच. नोकरीला लागल्यापासून माझा एकही लेट नाही.

"खंडारेबाई, उशीर?"

"फाटक बंद होतं, सर."

"पाच मिनिटांत उघडायला सांगायचं. कोण आहे सध्या तिथं?"

"ग्यानबा खंडारे," मी म्हटलं. "माझे वडील. ते कुणाच्याही सांगण्यानं उघडत नाहीत."

आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा, कारण आठवीच्या वर्गाच्या खिडकीत मुली गोळा झाल्या. हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि माझ्या नावापुढं लाल शाईनं लेट लिहिला. मी थँक्यू म्हटलं.